जावयाच्या दारातली मोरवेल

लग्नानंतर तीस वर्षं माझ्या सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट त्यांच्या मनात माझ्याबद्दल इतका मान होता की तो मला कधीकधी जड जायचा. खरवई या त्यांच्या गावातल्या त्या पिढीच्या बायका जावयासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढतात, अंग चोरून उभ्या राहतात आणि जे सांगायचं ते मुलीला सांगतात, नाहीतर भिंतीला. मी जेवायला बसलो की स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज यायचा, "अजून भाकरी घ्या म्हनावं." मी समोरच असायचो, मला लख्ख ऐकू यायचं. तरी बायको ते मला पुन्हा सांगायची, "आई म्हणते, अजून भाकरी घ्या." मी म्हणायचो, "पुरे म्हणून सांग." मग बायको दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या आईला सांगायची, "पुरे म्हणतात." वस्तूसुद्धा हातातून हातात द्यायची नाही. पाण्याचा तांब्या त्यांनी खाली ठेवायचा आणि मी तो खालून उचलायचा.

मी मुळात तापट माणूस. आनंदनगरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. तिथे मशीनच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय कुणाला काही कळत नाही. असल्या वळसे घेत येणाऱ्या बोलण्याने माझं डोकं फिरायचं. पण सणावारी चार घटकांचा प्रश्न असायचा, निभावून जायचं. मग एका वर्षी होळी झाली आणि सासूबाई आमच्याकडे राहायलाच आल्या.

त्यांची जागा भाऊकीची होती. भाऊकीने ती बिल्डरला दिली आणि घर पाडायचं ठरलं. नवी बिल्डिंग उभी राहिली की त्यांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि माझी बायको ही त्यांची एकुलती एक लेक. त्यातच दोन महिन्यांपूर्वी सासूबाई चक्कर येऊन नळावर पडल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यांना एकटं ठेवू नका. त्यामुळे आमच्याकडे येणं आलंच. आमचं घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीच्या बाजूला, तळमजल्यावर. मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चिंचोळी मोकळी जागा आहे. तिला आम्ही अंगण म्हणतो, म्हणायला कुणाचं काय जातं.

टेम्पोतून फारसं सामान उतरलं नाही. एक पत्र्याची पेटी, दोन पातेली, जुन्या लुगड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेला गौरीचा पाट, आणि गोड्या तेलाचा एक डबा. डब्यात माती होती आणि मातीत चार वाळक्या काड्या. मला वाटलं, जळण आणलंय. मी तो डबा कचऱ्याच्या बाजूला ठेवणार, एवढ्यात सासूबाई लेकीला म्हणाल्या, "त्यांना सांग, ती आपली मोरवेल हाय."

ही मोरवेल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या डोंगरांच्या अंगाला, कुंपणांवर, निवडुंगावर पावसाळ्यात एक रानवेल चढते. पाऊस उलगडता उलगडता तिला पांढरी, चार पाकळ्यांची फुलं येतात, इतकी की खालचं कुंपण दिसत नाही. मग फुलं जाऊन त्यांच्या जागी पांढऱ्या केसाळ शेपट्या असलेल्या बिया येतात आणि वाऱ्यावर उडतात. पोरं त्यांनाही म्हातारीच म्हणतात. उन्हाळ्यात सगळी वेल वाळते, मेल्यासारखी दिसते. कुणी तिला लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिने फोटो बघून सांगितलं, "बाबा, ही क्लेमॅटिस आहे. परदेशात लोक हौसेने लावतात, पुस्तकं लिहितात हिच्यावर." तिने पाठवलेल्या चित्रांत बशीएवढी जांभळी फुलं होती आणि हातमोजे घातलेल्या बाया होत्या. आमच्या डब्यातल्या काड्यांचा आणि त्यांचा काही संबंध असेल असं वाटेना.

सासूबाईंच्या घरी गौर तेरड्याची. तेरड्याची जुडी बांधायची, तिला लुगडं नेसवायचं, मुखवटा लावायचा आणि वरून फुललेल्या मोरवेलीचा हार गुंडाळायचा. ही वेल मात्र आपल्याच दारची लागायची. शेजारून आणलेली नाही, बाजारची तर नाहीच. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं, "ज्या दारी येल, त्या दारी गौर." जेसीबी कुंपणाशी येण्याआधी सासूबाईंनी स्वतः कुदळीने मूळ खणून डब्यात भरलं होतं.

आणि आल्या दिवशीच त्यांनी लेकीला बजावलं, अर्थात मला ऐकू जाईल अशा आवाजात. "गौरीपतुर राहीन. वेल इथं लागली तर गौर इथं बसेल, मंग मी पन हाय. नय लागली तर गावात खोली बघितलीय, तिथल्या दारात वेल हाय. लेकीच्या घरात उगाच पडून रहायला मना बरं नय वाटत." खोली म्हणजे भाऊकीतल्या कुणाचीतरी मागची पडवी. रात्री-बेरात्री चक्कर आली तर हाकेला माणूस नाही. बायको रडकुंडीला आली. मी डबा उचलला आणि अंगणात गेलो.

मला त्या जायला नको होत्या, आणि त्याचं कारण नुसतं डॉक्टरांचं सांगणं नव्हतं. पूर्वी माझ्या कंपनीला टाळं लागलं होतं. मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. मी रोज डबा घेऊन बाहेर पडायचो आणि एमआयडीसीच्या एकेका गेटवर विचारत फिरायचो. त्या दिवसांत खरवईहून तांदळाचं पोतं आलं. बरोबर वाल होते, सुकट होती. निरोप असा होता, "आमच्याकडं उंदीर लई झालेत. तांदूल नासतोय. तुमच्याकडं ठेवा, जमलं तर खाऊन टाका." पुढच्या महिन्यात परत पोतं, परत उंदीर. मला काम मिळेपर्यंत ते उंदीर काही कमी झाले नाहीत. मी त्या घरात शंभरदा गेलो असेन. शेणाने सारवलेली लखलखीत जमीन, घट्ट झाकणांच्या कणग्या आणि दारात दोन बोके. उंदीर कसला, तिथे झुरळाची जायची हिंमत नव्हती. बेकार जावयाला कमीपणा वाटू नये म्हणून त्या बाईने स्वतःच्या नेटक्या घराची बदनामी केली होती. या उपकाराबद्दल मला त्यांच्याशी एक वाक्य बोलायचं होतं. पण आभार मानायला समोरासमोर यावं लागतं, आणि आमच्यात कायम बायको नाहीतर भिंत असायची. लेकीमार्फत आभार कसे मानणार? ते म्हणजे वरणभात पोस्टाने पाठवण्यासारखं झालं असतं.

तेव्हा आता मी कामाला लागलो. भिंतीलगत खड्डा केला आणि वेल लावली. वेलीला आधार हवा. फिटरला आधार म्हटलं की पाइप सुचतो. मी जीआय पाइपचा असा मांडव उभा केला की त्यावर पाण्याची टाकी ठेवता आली असती. वेल्डिंग केलं, प्रायमर मारला, वर हिरवा ऑइलपेंट. सोसायटीतले लोक बघायला आले. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. बायको म्हणाली, "आई म्हणते, लई मजबूत झालंय." मी खूश झालो.

वैशाख संपता संपता त्या काड्यांना खालून कोंब फुटले. घरात सण असल्यासारखं वाटलं. कोंब वाढले, वीतभर झाले, हातभर झाले, आणि त्या पाइपाला घासून खाली घसरायला लागले. मी बांधायचो, ते पुन्हा लोंबायचे. शेवटी पुण्याला मुलीला फोन केला. तिने मोबाइलवर बघून सांगितलं की ही वेल खोडाने वेढे घेत नाही. हिच्या पानाचा देठच वळतो आणि बारीक काडीला, दोरीला मिठी मारतो. मनगटाएवढा पाइप तो कसा धरणार? "आणि बाबा, तिचं डोकं उन्हात हवं, पण पाय सावलीत. मुळाशी काहीतरी झाका." मी म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखंच. टोपी नसली तरी चालेल, चप्पल हवी." मुळांवर मी शहाबादी फरशीचे तुकडे रचले आणि जाळी आणायला उल्हासनगरला गेलो.

उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू अजून जन्मायची आहे. दोरखंडवाल्या सिंधी दुकानदाराने विचारलं, "किसके लिए चाहिए, साईं?" मी म्हटलं, "बेल चढ़ानी है." त्याने क्रिकेटच्या नेटचा उरलेला तुकडा काढला. "ये ले जाओ. बेल क्या, पूरा खानदान चढ़ जाएगा." त्याला काय माहीत, मी त्या जाळीवर नेमकं कुणाला चढवायला निघालो होतो. बारकी कात्रीही घेतली, रोपं छाटायची.

इकडे वेलीचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. पंधरा दिवसांपासून शेंडे मान टाकत होते. पानांच्या कडा काळ्या पडत होत्या. मला वाटलं, ऊन लागतंय, पाणी कमी पडतंय. सकाळी फिरायला जाण्याआधी मी एक बादली घालत होतो, ती दीड केली. बायकोमार्फत सासूबाईंचा प्रश्न आला, "वेलीला पानी मिळतं ना?" मी निरोप पाठवला, "मी घालतो. तुम्ही त्रास घेऊ नका म्हणावं."

आता "त्रास घेऊ नका" हे वाक्य जावयाने सासूला पाठवलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आमच्याकडे पाहुणा "नको, नको" म्हणतो तेव्हा त्याला हमखास वाढायचं असतं. जावई "त्रास घेऊ नका" म्हणतो याचा सरळ अर्थ सासूबाईंनी असा लावला की बिचारे विसरत असतील, पण सांगायचं कसं म्हणून मानाने बोलतायत. म्हणून त्यांनी गुपचूप पाणी घालायला सुरुवात केली. मी दुपारी जेवून आडवा झालो की त्या मागच्या दाराने बाहेर पडायच्या. वेल मान टाकते म्हणून मी पाणी वाढवलं. वेल मान टाकते म्हणून त्यांनीही वाढवलं. दोन्हीकडच्या प्रेमात ती बिचारी बुडून मरत होती, आणि आम्ही दोघं एकमेकांना न सांगता तिच्या तोंडात आणखी ओतत होतो.

उल्हासनगरहून मी लवकर परतलो. सोसायटीच्या मागच्या गेटने आलो, खांद्यावर ते क्रिकेटचं नेट. समोर सासूबाई वेलीजवळ वाकून बादली ओतत होत्या. मला बघताच त्यांनी दचकून पदर ओढला आणि उरलेलं पाणी स्वतःच्या पायावर सांडलं. मातीत पाणी तळ्यासारखं साचलं होतं, फरशीचे तुकडे त्यात पोहायचे बाकी होते. बायको कामावर होती. अंबरनाथच्या पतपेढीत ती नोकरी करते, संध्याकाळपर्यंत येत नाही. निरोप पोचवायला कुणी नाही. भिंत होती, पण भिंतीकडे त्यांची पाठ होती. शेवटी त्यांनी वेलीकडे तोंड केलं.

"बाय, यांना विचार," त्या वेलीला म्हणाल्या, "हे पन घालत्यात का पानी?"

आणि मी, गावभर तापट म्हणून ओळखला जाणारा माणूस, वाकून वेलीला म्हणालो, "त्यांना सांग, रोज सकाळी. दीड बादली."

"जल्ला," सासूबाई म्हणाल्या. तेवढं मात्र त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या नाहीत.

मग मी खणायला बसलो. मुळं वर काढली तर निम्मी काळी, गिळगिळीत, कुजल्याचा वास. पण आतल्या बाजूला काही मुळं अजून पिवळट, टणक होती. कुजलेला सगळा भाग कापला. वरचा एकही कोंब धड नव्हता, तेव्हा वेल मातीपासून दोन पेरांवर छाटली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मुलीने फोनवर धीर दिला होता की ही वेल चिवट असते, वरून मेली तरी खालून येते, फक्त पाय ओले ठेवू नका. आणि आमची जागा तर नदीच्या बाजूची. पावसाळ्यात आमच्या अंगणाला पाय कोरडे ठेवायला सांगणं म्हणजे बदकाला सांगण्यासारखं. म्हणून मी ती जमिनीत परत लावलीच नाही. भंगारवाल्याकडून केमिकलचा निळा ड्रम आणला. एमआयडीसीतून निघालेले असे ड्रम आमच्याकडे घरोघरी पाणी भरायला असतात. तो खळखळून धुतला, उन्हात ठेवला, मधोमध कापला, तळाला ड्रिलने भोकं पाडली आणि विटांवर चढवला. खाली विटांचे तुकडे, वर रेती, मग माती आणि पालापाचोळा. वेल जरा खोलच लावली, पेर मातीखाली जाईल अशी. वर फरशीचा तुकडा, पायाला सावली. मागे जाळी. पाणी आता एकदाच, बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. आणि ते कुणी घालायचं हे रोज सकाळी वेलीसमक्ष ठरायला लागलं.

"आज बोट घालून बघा म्हनावं."

"बघितलं. ओलं आहे म्हणावं."

बायको हे ऐकून पोट धरून हसली. "इतकी वर्षं मी तुमची पोस्टमन. एकदाची रिटायर झाले," म्हणाली.

पण ड्रममध्ये काही दिसेना. ज्येष्ठ गेला. आषाढातही नुसती ओली माती. एकदा मी सासूबाईंना पेटीतले कपडे घड्या घालून पुन्हा पेटीत ठेवताना बघितलं. गौरीचा पाट कपाटामागे तसाच बांधलेला होता, त्याची गाठ त्यांनी आल्यापासून सोडली नव्हती. बायकोने सांगितलं की गावातली खोली झाडून घ्यायला कुणालातरी निरोप गेलाय. मला राग आला, आणि तो राग काढायचा कुणावर तेही कळेना. मी जाळीचे खिळे पुन्हा पुन्हा ठोकत बसलो.

आणि एका सकाळी मी अंघोळ करत असताना अंगणातून आवाज आला, "ये गं बाय! आलीस का?" मी टॉवेल गुंडाळून, अर्ध्या साबणासकट धावलो. फरशीच्या कडेने एक जांभळट कोंब बाहेर आला होता, लेखणीच्या टोकाएवढा. सासूबाईंनी माझा अवतार बघून पदर डोळ्यांवरच ओढून घेतला, पण त्या पदरामागे हसत होत्या. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं. इतकं की मी सोसायटीच्या सेक्रेटरीशीसुद्धा गोड बोललो.

कोंब वाढला. पहिल्या पानाच्या देठाने जाळीचा धागा चाचपला आणि दुसऱ्या दिवशी त्याला एक वेढा घातला. तान्हं मूल बोट धरतं तसाच. आम्ही दोघं शेजारीशेजारी उभे राहून ते बघायचो, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून.

श्रावणात पावसाने जोर धरला. दुपारी गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं, मग आमच्या अंगणात. दरवर्षीचं आहे, आम्ही गादी-फ्रिज वर चढवायला सरावलेलो. पण ड्रमच्या विटा पाण्यात गेल्या आणि पाणी ड्रमच्या भोकांपर्यंत आलं. ड्रम मागच्या ओट्यावर चढवायला हवा होता, आणि तो ओल्या मातीने भरलेला, एका माणसाच्या आवाक्यातला नव्हे. बायको अंबरनाथला अडकलेली. मी ड्रमला हात घातला, जरासा हलला आणि पुन्हा बसला. एवढ्यात समोरून दोन हात आले. सासूबाईंनी काष्टा खोचला होता. तीस वर्षांत प्रथमच आम्ही समोरासमोर होतो, मध्ये फक्त ती वेल. "यांना म्हनावं, मी उचलते," असं काहीतरी त्या वेलीला सांगत होत्या, पण पावसात ते नीट ऐकूही आलं नाही. त्यांना चक्कर येईल म्हणून मी घाबरलो होतो. पण भातशेती केलेल्या त्या हातांत अजून जोर होता. आम्ही तो ड्रम ओट्यावर नेला.

एक फांदी जाळीत अडकून तुटायला आली होती. ती मी ओढून काढली, पिरगळून तोडली. हाताला चिकट रस लागला. पावसाचं पाणी डोळ्यांत जात होतं म्हणून मी हात वर नेला, आणि त्या ओरडल्या.

"डोल्याला लावू नको रे! आग व्हईल! धू, आधी हात धू!"

मी हात तसाच धरून उभा राहिलो. मोरवेलीचा रस कातडीला लागला तर फोड येतात, डोळ्यात गेला तर हाल होतात, हे मला ठाऊक नव्हतं. निरोप फिरवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी तो थेट दिला. त्यांनी आईच्या आवाजात मला दम दिला होता, आणि मी बादलीत हात घालून मुकाट्याने धूत होतो. माझी आई मी लहान असतानाच गेली. असं "आधी हात धू" म्हणून मला कुणी ओरडल्याला किती वर्षं झाली असतील, देव जाणे. डोळ्यांत रस गेला नव्हता, तरी पाणी आलंच. त्या मात्र आपण काय बोलून बसलो हे उमजून आत निघून गेल्या आणि पुढे कितीतरी दिवस पुन्हा वेलीशीच बोलत राहिल्या.

वेल वाचली. पुढे नवरात्रात तिला फुलं आली, अख्ख्या गल्लीने फोटो काढले. पण हे सगळं पुढचं. गौरी आल्या तेव्हा वेलीवर नुसती पानं होती, तीही मधूनमधून अळीने खाल्लेली, आणि शेंड्याशी मिटलेल्या चार-सहा कळ्या. एकही फूल नव्हतं.

सकाळी बायकोने तेरडा आणला होता. आत तांदळाच्या भाकऱ्या होत होत्या, भाजी रटरटत होती. सासूबाई नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर आल्या. हातात तो पाट, अजून बांधलेला. वेलीसमोर उभ्या राहिल्या. बायको दाराशी येऊन थांबली. तिचे हात पिठाने भरलेले होते आणि तोंडावर रडू की हसू ते ठरत नव्हतं.

"बाय," सासूबाई वेलीला म्हणाल्या, "लागलीस खरी. पन फूल नय आलं. फुलाबिगर गौर कशी बसवू?" आवाज खाली गेला. "खोलीला हो म्हनून ठेवलंय मी."

मला कळलं. त्यांना जायचं नव्हतं. पण राहायचं तर लेकीच्या घरात राहायला त्यांना कारण हवं होतं, आणि वेलीने ते अर्धंच दिलं होतं. उरलेलं अर्धं कुणीतरी द्यायला हवं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. वेलीशी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मग तिच्याकडे न बघता सरळ सासूबाईंकडे बघितलं.

"आई," मी म्हणालो, "त्या खोलीत उंदीर लई झालेत म्हणतात. पाट खाऊन टाकतील. आमच्याकडे ठेवा."

त्यांचा पदर हळूच मागे गेला. मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून, इतका नीट कधी बघितलाच नव्हता. त्यांना सगळं आठवत होतं. एकेक पोतं आठवत होतं. आणि मी पहिल्या पोत्यापासून ओळखून होतो, हेही त्यांना आता कळलं होतं. त्यांचे ओठ हसले.

"खरंय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "मेले उंदीर. लई झालेत."

मग त्यांनी सुतळीची गाठ सोडली, लुगडं काढलं आणि पाट माझ्यासमोर धरला. खाली ठेवला नाही.

"धर," म्हणाल्या. "खिडकीजवल ठेव. दरसाल हलवायला नको."